सहा चटयांचं साम्राज्य



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी आयुष्यभर विनोदी साहित्य शिकवलं आणि ते अतिशय गांभीर्यानं शिकवलं. विनोदाला 'हलकंफुलकं' म्हटलेलं त्यांना खपत नसे. विनोदी लेखक पहिल्या प्रकरणात वाचकाला एक शब्द देतो आणि तो पाळणं शोकांतिका लिहिण्याइतकंच अवघड असतं, असं ते म्हणत. आज मी अशा एका विनोदी कादंबरीमालेविषयी बोलणार आहे, जिनं हा शब्द फार सुंदर रीतीनं दिला आणि पुढे तो तिच्या हातून निसटला. ही मालिका जपानी आहे. तिचे पहिले खंड मी अनेकदा वाचले आहेत आणि आजही ते मला समकालीन विनोदी लेखनातले उत्तम नमुने वाटतात. म्हणूनच पुढच्या खंडांबद्दल बोलायचं आहे.

सभागृहातल्या तरुण मंडळींना लाइट नॉव्हेल म्हणजे काय हे सांगायला नको. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि जुलै-डिसेंबरात जेएलपीटी या भाषा-परीक्षेला बसणाऱ्या अनेकांची त्या भाषेशी पहिली ओळख अॅनिमेतून, म्हणजे जपानी अॅनिमेशन मालिकांतून, झालेली असते. ज्येष्ठ श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. बुंको आकाराचं, म्हणजे साधारण १०५ बाय १४८ मिलिमीटरचं, खिशात मावणारं पुस्तक. मुखपृष्ठावर आणि आत मांगाच्या, म्हणजे जपानी चित्रकथांच्या, शैलीतली चित्रं. आखूड परिच्छेद आणि भरपूर संवाद. मूळ वाचक शाळा-कॉलेजातला, पण लोकलमध्ये ही पुस्तकं वाचणारे नोकरदारही पुष्कळ. एक पुस्तक चाललं की चार-सहा महिन्यांनी त्याचा पुढचा खंड येतो, मग मांगा, मग जमलंच तर अॅनिमे. 'देंगेकी बुंको' ही या क्षेत्रातली एक मोठी ग्रंथमाला १९९३ साली सुरू झाली. तिच्या वार्षिक कादंबरी स्पर्धेत नवोदितांची हजारो हस्तलिखितं येतात.

या स्पर्धेच्या १७व्या वर्षी वागाहारा सातोशी या नव्या लेखकाला रौप्य पुरस्कार मिळाला. हस्तलिखिताचं नाव होतं 'दैत्यराजाचा किल्ला म्हणजे सहा चटयांची एक खोली!'. फेब्रुवारी २०११मध्ये ते पुस्तकरूपानं आलं तेव्हा नाव झालं 'हाताराकु माओउ-सामा!', म्हणजे कामावर जाणारे दैत्यराज. चित्रं ओनिकु या चित्रकाराची. मुख्य मालिकेचे २१ खंड झाले. शेवटचा ऑगस्ट २०२०मध्ये आला.

हे पुस्तक कोणत्या काळात आलं ते आधी पाहू. २००८च्या आर्थिक पडझडीनंतर जपानमध्ये कंत्राटी कामगारांना मोठ्या संख्येनं काढून टाकलं गेलं. कंपनीच्या वसतिगृहात राहणाऱ्यांची नोकरीबरोबर खोलीही गेली. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला टोकियोच्या हिबिया बागेत स्वयंसेवकांनी तंबू ठोकले, सूपच्या कढया चढवल्या आणि नव्या वर्षाचे पहिले दिवस शेकडो माणसांनी तिथे काढले. सरकारी मंत्रालयांच्या शेजारी ही बाग आहे, त्यामुळे साऱ्या देशानं ते दृश्य पाहिलं. त्याच २००८ साली कोबायाशी ताकिजीची १९२९मधली 'कानिकोसेन' ही खेकड्यांच्या कारखानाजहाजावरच्या मजुरांची कादंबरी पुन्हा लाखोंनी खपली. आपल्या आजोबांच्या पिढीचं दुःख आपलंच आहे, असं तरुणांना वाटू लागलं होतं. २०१०च्या शरदात टोकियोतलं किमान वेतन तासाला ८२१ येन होतं. तासावर काम करणाऱ्या तरुणाचा हिशोब या आकड्यापासून सुरू होई. वागाहाराचं पुस्तक या हवेत जन्मलं. त्यात घोषणा एकही नाही. पण त्यातला नायक प्रत्येक येन मोजतो, आणि तो येन कुठून येतो हे वाचकाला पक्कं ठाऊक असतं.

कथा अशी. एन्ते इस्ला नावाच्या जगावर दैत्यांच्या फौजा चालून जातात. पाच खंडांपैकी जवळजवळ सगळे जिंकले जातात. शेवटी एमिलिया नावाची वीरांगना पवित्र तलवार घेऊन दैत्यराजाच्या किल्ल्यात शिरते. हरलेला दैत्यराज आपल्या एका सेनापतीसह काळद्वारातून पळतो आणि येऊन पडतो तो आजच्या टोकियोत. इथे जादूला आधार नाही. शिंगं-पंख गळून जातात आणि उरतात दोन भुकेले तरुण. ते शिबुया वॉर्डातल्या सासाझुकाला एका जुन्या लाकडी चाळवजा इमारतीत २०१ क्रमांकाची खोली भाड्यानं घेतात. सहा चटयांची खोली म्हणजे ढोबळमानानं शंभर चौरस फूट. दैत्यराज इथे सादाओ माओउ हे नाव घेतो. एक स्टेशन अलीकडे हातागायाला मॅग्रोनाल्ड नावाचं बर्गरचं दुकान आहे, तिथे तो तासावर काम धरतो. सेनापती शिरो आशिया घर सांभाळतो, भाजीचा भाव पाहतो, कूपनं कापून ठेवतो आणि खर्चाच्या काळजीनं त्याचं पोट बिघडतं. जग जिंकण्याची योजना कायम आहे. फक्त आता तिचा मार्ग कायम नोकरी, बढती, मग दुकानाचा मॅनेजर असा जातो.

इथवर ही एक चांगली कल्पना झाली. अशा कल्पना पुष्कळांना सुचतात. वागाहाराचं मोठेपण पुढे आहे.

पावसाच्या दिवशी सिग्नलपाशी एक मुलगी आडोशाला उभी आहे. माओउ कामावर निघालाय, सायकलवर. तो तिला आपली छत्री देतो आणि भिजत जातो. ती मुलगी एमी युसा, म्हणजे त्याचा पाठलाग करत या जगात येऊन पडलेली वीरांगना. तीही जादू गमावून बसली आहे, मोबाइल कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये काम करते आहे. दोघांनीही अजून एकमेकांना ओळखलेलं नाही. नंतर ओळख पटते आणि ती त्याला मारायला येते, हातात शंभर येनच्या दुकानातून आणलेली सुरी घेऊन. तेवढ्यात पोलीस येतो, त्याला हे प्रियकर-प्रेयसीचं भांडण वाटतं आणि तो दोघांना समज देतो.

या प्रसंगात हसू येतं ते कशामुळे? दैत्य आणि वीरांगना गरीब झाले म्हणून नव्हे. ज्या माणसानं तुझ्या जगाचा नाश केला, तो सकाळी उठून कामाला जातो, ग्राहकाला वाकून नमस्कार करतो, अनोळखी मुलीला छत्री देतो, आणि तो चांगला कामगार आहे. आता तू काय करशील? एमीचं स्लोन गाव पश्चिम खंडात होतं. दैत्यांच्या फौजेनं ते उद्ध्वस्त केलं. शेतकरी असलेला बाप त्यात गेला, असंच ती लहानपणापासून मानत आली. तलवार तिनं त्यासाठी उचलली. ज्या सेनापतीच्या फौजेनं हे केलं तो लुसिफर पहिल्या खंडाच्या शेवटी हरतो आणि पुढे त्याच सहा चटयांच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात राहू लागतो, दिवसभर संगणकापुढे बसून, माओउच्या पैशानं वस्तू मागवत. एमी त्या खोलीत येते-जाते. तिथे जेवते. वाचक हसत असतो आणि त्याच्या हसण्याखाली हा प्रश्न सतत धगधगत असतो. पहिल्या खंडांत लेखक तो एकदाही विसरत नाही.

पहिल्या खंडाची अखेर मला विशेष आवडते. दैत्यराजाला शक्ती मिळते ती माणसांच्या भीतीतून आणि हताशपणातून, असा या कथेचा नियम आहे. मारामारीत उन्नत महामार्ग कोसळतो, माणसं घाबरतात आणि माओउला त्याचं जुनं रूप परत मिळतं. वाटलं तर त्या क्षणी तो टोकियो घेऊ शकतो. तो ती सगळी शक्ती खर्चून कोसळलेला रस्ता आणि मोडलेल्या इमारती पुन्हा उभ्या करतो. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचं आहे. असं का केलं, हे लेखक समजावून सांगत बसत नाही. एमीला ते समजत नाही, आणि तिला समजत नाही हेच त्या प्रसंगाचं सौंदर्य.

दुसऱ्या खंडात शेजारच्या खोलीत सुझुनो कामाझुकी येते. एन्ते इस्लाच्या धर्मपीठातली ही अधिकारी, आपल्या पीठासाठी पापं करून थकलेली. जपान तिनं ऐतिहासिक मालिका पाहून शिकलेला, म्हणून नेहमी किमोनोत, आणि भेट म्हणून उदोन शेवया पेटीनं आणणारी. सामान्य माणसाची जागा चिहो सासाकीची. पोलिसाची मुलगी, शाळकरी, दुकानात माओउच्या हाताखाली शिकणारी आणि त्याच्यावर प्रेम करणारी. तिच्याकडे कसलीच शक्ती नाही. सत्य समजल्यावरही ती घाबरून पळत नाही. या सगळ्या शस्त्रधाऱ्यांमध्ये ती एकटी निःशस्त्र आहे आणि तिचं ऐकलं जातं, यानं कथेला मोठा तोल आला.

माझ्या मते तिसरा खंड हे शिखर. आलास रामुस नावाचं लहानगं मूल या घरात येतं आणि माओउला बाबा, एमीला आई म्हणू लागतं. पूर्वी माओउनं लावलेल्या एका तेजस्वी तुकड्यातून ते जन्मलेलं असतं, पण आत्ता त्या खुलाशाला महत्त्व नाही. महत्त्व याला की ज्याला मारायला आले त्याच्याबरोबर आता मुलाचे कपडे घ्यायला जायचं, मुलाला घेऊन मनोरंजन उद्यानात जायचं, आणि मुलासमोर भांडायचं नाही. शत्रुत्व आणि पालकत्व दोन्ही खरं. कोणतंही एक खोटं ठरवून सुटका नाही. सहा चटयांच्या खोलीत ही कोंडी किती घट्ट होते! जागा नाही, पैसा नाही, पळायला वाट नाही. त्या अडचणीतून विनोद पाझरत राहतो.

वागाहाराची भाषा साधी आहे. त्याची ताकद कामाच्या तपशिलात आहे. फ्रेंच फ्राइजच्या यंत्राचं तापमान, गर्दीच्या वेळी काउंटर कसा लावायचा, कडक पण न्यायी मॅनेजर किसाकी-सान रोजचा गल्ला कसा पाहते, समोर दुसरं चिकनचं दुकान उघडल्यावर गिऱ्हाईक कसं टिकवायचं. तो हे थट्टेनं लिहीत नाही, आदरानं लिहितो. बर्गरच्या दुकानातलं काम नीट करण्यात माणसाची प्रतिष्ठा आहे, असं त्याचं पुस्तक म्हणतं. ज्या देशात अशा कामाला तात्पुरतं, बिनमहत्त्वाचं मानलं जात होतं, तिथे हे म्हणणं मोलाचं होतं.

एप्रिल २०१३मध्ये अॅनिमे आलं. व्हाइट फॉक्स स्टुडिओनं तेरा भाग केले, दिग्दर्शक होसोदा नाओतो. त्यात पहिले दोनच खंड घेतले होते, त्यामुळे ते अतिशय आटोपशीर आणि प्रसन्न झालं. जगभर या मालिकेचं जे प्रेम आहे ते बहुतांशी या तेरा भागांचं. पुढचा सीझन थेट २०२२ साली आला, तोही दुसऱ्या स्टुडिओकडून. मधली नऊ वर्षं लोकांच्या मनात सुरुवातीची खोलीच राहिली. पुस्तकं मात्र पुढे गेली होती.

काही चाहते म्हणतात की अॅनिमेच्या यशानं लेखक बिघडला, खंड वाढवत बसला. हे मला पटत नाही. बीज त्याआधीच्या, २०१२च्या खंडांत पडलेलं आहे. पाचव्या खंडाचंच पाहा. टीव्ही घ्यायचा की नाही यावरून खोलीत रणकंदन. जपानमध्ये टीव्ही घेतला की एनएचके या सार्वजनिक प्रसारणसंस्थेची वर्गणीही मागे लागते, म्हणून आशियाचा जीव खालीवर होतो. अस्सल वागाहारा. पण त्याच सुमारास चिहोनं मनानं संदेश पाठवण्याची विद्या शिकायची, असं ठरतं आणि सहाव्या खंडात ती शिकते. कारण योग्य दिलं आहे: तिचं संरक्षण व्हावं. तरीही मला तिथे काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. निःशस्त्र साक्षीदार आता शस्त्रधाऱ्यांच्या गोटात गेली.

मग तुकड्यांचा विषय वाढतो. ज्यू गूढवादात जीवनवृक्षाची दहा स्थानं मानतात. त्यांतल्या एकाचं, येसोदचं नाव घेऊन लेखकानं एक विश्वरचना उभारली. स्वर्ग, देवदूत, वृक्षाची फळं, विखुरलेले तुकडे, त्या तुकड्यांतून जन्मलेली मुलं. आलास रामुसनंतर आसिएस आरा येते, भरपूर खाणारी, माओउच्या शक्तीशी जोडली जाणारी. देवदूत येतात, त्यांचे पक्ष येतात, एन्ते इस्लावरच्या राज्यांचं राजकारण येतं. सहा चटयांची खोली हळूहळू सभागृह होते. दहाजण बसले आहेत, एकजण समजावतो आहे, बाकीचे विचारताहेत. वाचक म्हणून मी पानामागून पानं असे खुलासे वाचले. कल्पना क्षुद्र नाहीत. पण त्यांना पैशाची चणचण माहीत नाही. देवदूताला भाडं भरावं लागत नाही.

याहूनही मोठं नुकसान मी आता सांगतो. माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

पुढच्या खंडांत कळतं की एमीचा बाप, नोर्द, जिवंत आहे. तोही जपानमध्ये आहे. तिची आई लायला देवदूत आहे, तीही आहे. इतकंच नव्हे, लहानपणी मरणाच्या दारात असलेल्या दैत्यबालकाला, म्हणजे पुढच्या माओउला, वाचवणारी आणि येसोदचा तुकडा देणारी तीच. स्वर्गातल्यांच्या स्वार्थी कारस्थानांची साखळी उघड होत जाते आणि दोन्ही बाजूंची माणसं कुणाच्या तरी हातची बाहुली होती, असं चित्र तयार होतं.

कथानक म्हणून हे रंजक आहे. भावनिक भेटीही आहेत. पण पहिल्या खंडांनी ज्या पायावर घर बांधलं होतं तो पाया इथे काढून घेतला जातो. एमीपुढचा प्रश्न होता: या माणसानं माझं सर्वस्व नेलं, आणि हा माणूस चांगला आहे, आता मी कशी जगू? या प्रश्नाचं एकही सोपं उत्तर नव्हतं, म्हणून प्रत्येक एकत्र जेवण, प्रत्येक भांडण, मुलासाठी धरलेला प्रत्येक हात अर्थपूर्ण होता. बाप परत आला आणि प्रश्न सुटला. सुटला म्हणण्यापेक्षा उचलून बाजूला ठेवला गेला. क्षमा करण्याची वेळच आली नाही, कारण नुकसानच भरून निघालं. माओउला पश्चात्तापाशी झुंजावं लागलं नाही, कारण खरे दोषी वर, स्वर्गात सापडले. आणि ज्या क्षणी त्या दोघांमधला हिशोब असा परस्पर मिटला, त्या क्षणी विनोदही विझला. नंतरच्या खंडांतही कूपनं आहेत, उदोन आहे, आशियाचं पोट बिघडतं. तेव्हा मी हसतो, पण त्या हसण्याखाली आता काहीच धगधगत नाही.

नवव्या खंडाच्या आसपास एक असा टप्पा आहे जिथे लेखक योग्य उत्तराच्या अगदी जवळ पोहोचला होता. एमी एन्ते इस्लाला परत जाते, बापाच्या गावी. तिथे तिला अडकवून ठेवलं जातं, आणि तिच्या मानेवर तलवार ठेवण्याची गरज शत्रूला पडत नाही. तुझ्या बापाची गव्हाची शेतं आम्ही नष्ट करू, एवढंच तो सांगतो. जिनं दैत्यराजाला हरवलं ती वीरांगना शेतासाठी शरण जाते. मला हा प्रसंग अतिशय आवडतो. पिकाची किंमत जाणणाऱ्या प्रत्येकाला तो कळेल. आणि इकडे टोकियोत न सांगता गैरहजर राहिल्यामुळे तिची कॉल सेंटरमधली नोकरी जाते. एका जगात ती राष्ट्रांच्या राजकारणातलं प्यादं, दुसऱ्या जगात कामावरून काढलेली कंत्राटी मुलगी. ही दोन टोकं एका धाग्यात ओवायची विलक्षण क्षमता वागाहारात होती. याच भागात माओउ मोपेडच्या परवान्याची परीक्षा देतो, कारण दुकानानं घरपोच सेवा सुरू करायचं ठरवलंय. दैत्यराज परीक्षा केंद्राच्या बाकावर वाट पाहत बसतो, आणि तिकडे युद्धं चालली आहेत. म्हणजे लेखकाचा हात बसला होता, सुटला नव्हता. त्यानं दुसऱ्या गोष्टींना अधिक मोठं मानलं.

जपानी लाइट नॉव्हेलमध्ये विनोद आणि गांभीर्य यांचं काय करायचं हा प्रश्न जुना आहे. १९९०मध्ये सुरू झालेल्या कान्झाका हाजिमेच्या 'स्लेयर्स'नं त्याला व्यवहारी उत्तर शोधलं. मुख्य कादंबऱ्यांत जगाच्या नाशाचं संकट, आणि मासिकात वेगळ्या विनोदी लघुकथा, त्यांचे वेगळे खंड. गातो शोजीच्या 'फुल मेटल पॅनिक!'नंही तेच केलं. शाळेतला धुमाकूळ लघुकथांत, युद्ध कादंबऱ्यांत. दोन्ही मालिकांत वाचकाला आज कोणत्या घरात शिरतो आहोत हे ठाऊक असे. आकात्सुकी नात्सुमेच्या 'कोनोसुबा'चं उदाहरण तर आणखी जवळचं, कारण तिचा शेवटही २०२०चाच, १७ खंडांनंतर. तिथेही दैत्यराज आहे, देवी आहे, जग वाचवायचं आहे. पण लेखक नायकाचं कर्ज, आळस आणि कंजूषपणा शेवटपर्यंत सोडत नाही. 'कोनोसुबा'ची महत्त्वाकांक्षा लहान आहे, आणि तिनं दिलेला शब्द तिनं पाळला.

वागाहारानं यांपैकी कोणताही सोपा मार्ग धरला नाही. त्यानं हसू आणि गांभीर्य एकाच खोलीत ठेवलं. म्हणून सुरुवातीची पुस्तकं 'स्लेयर्स'पेक्षा आणि 'कोनोसुबा'पेक्षा मोठी आहेत. आणि म्हणूनच पडझडही अधिक दुखते. दोन्ही एकत्र ठेवायचं तर दोन्हींचं वजन एकाच गोष्टीवर तोलावं लागतं, इथे ती गोष्ट म्हणजे एमी आणि माओउ यांच्यामधलं न फिटणारं देणं. वागाहारानं ते वजन विश्वरचनेवर हलवलं.

प्रकाशनाच्या रीतीचाही यात वाटा आहे. संपूर्ण हस्तलिखित हाती असताना लेखकाला शेवट दिसतो. पहिला खंड स्पर्धेसाठी लिहिला होता, म्हणून तो स्वयंपूर्ण आहे. पुढचे खंड ठरावीक अंतरानं द्यायचे असतात. दर खंडात नवं पात्र, नवी चित्रं, नवं रहस्य अपेक्षित असतं. रोजच्या जगण्यातून नवं रहस्य निघणं कठीण. आकाशातून ते हवं तेवढं काढता येतं. दर सहा महिन्यांनी पुस्तक देणाऱ्या लेखकानं आकाशाकडे पाहिलं तर त्याला दोष देताना माझा हात अडखळतो. पण साहित्याचा न्याय करताना हे कारण पुरेसं धरता येत नाही. आपल्याकडे चिं. वि. जोशी पाली भाषेचे जाणकार, बडोद्याला प्राध्यापक. त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊंच्या कितीतरी गोष्टी लिहिल्या, मासिकांच्या मागणीप्रमाणे लिहिल्या. पण चिमणरावाच्या अडचणी चिमणरावाच्या आवाक्यातल्याच राहिल्या. चिं. विं.ची ती शिस्त होती आणि तिचं मोल आपण पुरेसं ओळखलेलं नाही.

शेवटच्या चार-पाच खंडांत स्वर्गावर चढाईची तयारी चालते, तिथली सत्ताधारी इग्नोरा समोर येते, आणि एकविसाव्या खंडात सगळं आवरलं जातं. त्याचा तपशील सांगत नाही, कारण या सभागृहात ती पुस्तकं अजून न वाचलेले अनेकजण असतील. शेवटी कोण कुणाचं झालं यावरून चाहत्यांचे दोन तट पडले. मला त्या वादात फारसा रस नाही. माओउनं चिहोबरोबर राहावं की एमीबरोबर, हा प्रश्न पहिल्या खंडांत मुख्य नव्हताच.

एक गोष्ट मात्र मला त्या नंतरच्या खंडांतली जपून ठेवावीशी वाटते. नोकरी गेलेली एमी अखेर हातागायाच्या मॅग्रोनाल्डमध्येच लागते. वीरांगना आता दैत्यराजाच्या हाताखाली, तोच तिला काम शिकवणार. काउंटरच्या एका बाजूला दोघंही गणवेशात. विश्वाच्या उलाढालींमध्ये या प्रसंगांना फार थोडी पानं मिळाली आहेत. पण ती वाचताना कळतं की मालिकेला एक वेगळा शेवट उपलब्ध होता. एमीला बाप परत मिळाला. स्लोन गावातल्या इतर घरांना कुणीच परत मिळालं नाही. ती माणसं गेलीच. दुपारच्या गर्दीत ट्रे भरताना, शेजारच्या माणसाकडून काम शिकताना, त्या घरांविषयी ती त्याला काय विचारते आणि तो काय सांगतो, हे पान मला हवं होतं. पहिल्या खंडानं ते कबूल केलं होतं, आणि तितक्या ताकदीचा लेखक त्या टेबलाशी बसलेला होता.

ज्यांना वाचायचं आहे त्यांनी पहिले तीन खंड सलग वाचावेत, मग आठवा-नववा, आणि बाराव्याच्या सुमाराची दुकानातली प्रकरणं. अॅनिमेचा पहिला सीझन आधी पाहिला तरी चालेल. मधल्या खंडांविषयीचं माझं मत कुणाला कठोर वाटलं असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगावं. विशेषतः तरुण वाचकांनी, कारण तुमच्यापैकी काहींनी ती मूळ जपानीत वाचली आहेत.